कॉर्ड कुठं, बापू कुठं!

गिटार शिकायला जायचो त्या दोन-तीन वर्षांत सूर किती जमले ते विचारू नका. किस्से मात्र एवढे जमले की घरी पाहुणे आले की बायको आधीच बजावते, "ह्यांना गिटारचं विचारू नका, चहा गार होईल!"

तुम्हीही विचारलं नाहीये. तरी सांगतो.

नव्वदच्या दशकातलं नगर. मी आणि बापू एमआयडीसीत एकाच मशीनशॉपला. पहिली शिफ्ट सुटली की सायकली काढायच्या आणि थेट रफिकसरांच्या क्लासला. सर एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, एरवी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. क्लास दुकानाच्या माळ्यावर. ताठ उभं राहिलं की डोकं पंख्याला लागायचं. आमच्याबरोबर शैलाताई होत्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. झाला क्लास!

*

मला ब्लूजचं, म्हणजे त्या अमेरिकी ढंगाच्या संगीताचं, एकच स्केल येत होतं, पण सुसाट येत होतं. पहिल्याच दिवशी सर साथीला कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे तीन-चार सूर, धरून बसले आणि मी डोळे मिटून पाच मिनिटं एकट्याचा सोलो झोडला. घाम पुसत विचारलं, "सर, कसं वाटलं?"

सर म्हणाले, "मी तीन कॉर्ड बदलल्या. तुला कुणी कळवलं नाही का?"

*

ब्लूजमध्ये मोजून तीन कॉर्ड. ए, डी आणि ई. सरांचं म्हणणं एवढंच, की कॉर्ड बदलली की त्याच क्षणी त्या कॉर्डमधल्याच एखाद्या सुरावर बोट पडलं पाहिजे. मध्ये कुठंही हिंडा, पण उतरायचं तिथंच.

बापूच्या डोक्यात काही हे शिरेना. बापू तिसगावचा, शेवगावच्या वाटेवरचं अलीकडचं गाव. सरांनी त्याला त्याच्याच रस्त्यावर धरलं. "हे बघ, तू शेवगावच्या एसटीत बसलास. शेवगाव आलं. कुठं उतरशील?"

"तिसगावलाच की! घर हाय ना तिथं."

सरांनी गिटार भिंतीला टेकवली आणि खाली वाकून चहा सांगितला.

*

मी एक शक्कल काढली. बहिणीचं टिकल्यांचं पाकीट उचललं आणि गिटारच्या दांडीवर टिकल्या चिकटवल्या. ए कॉर्डच्या सुरांना लाल, डीच्या हिरव्या, ईच्या काळ्या. कॉर्ड बदलली की रंग बदलायचा. आठवडाभर असं वाजवलं की सरही चमकले!

पण बोटांच्या घामानं टिकल्या सुटायला लागल्या. एकदा घरी आलो तर आई दारातच उभी. माझ्याकडं बघतच राहिली. गालावर एक हिरवी, कपाळावर एक लाल.

"खरं सांग," आई म्हणाली, "गिटारच शिकवतात ना तिथं?"

*

शैलाताईंचं उलट. त्या तोंडानं "एक, दोन, तीन, चार" मोजत वाजवायच्या आणि दर वेळी अचूक उतरायच्या. चेहरा मात्र परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा.

सर एकदा म्हणाले, "ताई, सूर अगदी बरोबर आला. जरा हसा की!"

ताई म्हणाल्या, "सर, आमच्या विषयात बरोबर उत्तराला हसत नाहीत. पुढचं गणित द्या."

*

घरी सराव करायला म्हणून सरांनी आम्हाला कॉर्ड कॅसेटवर भरून दिल्या. बापूनं महिनाभर जिद्दीनं सराव केला. मग क्लासला येऊन सरांबरोबर वाजवायला लागला आणि आम्ही सगळे कानात बोटं घालून बसलो. त्याच्या टेपचे सेल उतरले होते. टेप हळू फिरायचा, सूर खाली घसरायचा, आणि ह्यानं गिटार त्या टेपला जुळवली होती.

"बापू, तू अर्धा सूर खाली आहेस!"

"न्हाई सर," बापू शांतपणे म्हणाला, "तुमीच चढलाय!"

*

बापूचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांचे व्यवहार करायचे. पोरगं सुट्टीलासुद्धा गावाकडं येत न्हाई, म्हणजे करतंय तरी काय, ते बघायला ते एकदा क्लासला आले. माळ्यावर मांडी घालून बसले आणि तिघांचेही सोलो ऐकले.

"दावं तोडून पळाल्यावानी वाजवताय," ते म्हणाले. "पर मदी एकदा त्या बाईंनी पाय रोवला बगा. तिथं लई बरं वाटलं."

शैलाताईंनी बरोबर डी कॉर्डवर डीचा सूर धरला होता, तीच ती जागा! सर उडालेच. "मी आठ महिने हेच सांगतोय! काका, तुम्ही शिकायला या."

"न्हाई बा," म्हातारा उठला. "चार पायाचं असतं तर बगितलं असतं."

*

आणि मग शेवगावचा कार्यक्रम.

सरांच्या ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला गालगुंड होऊन पडला. सरांनी बापूचं नाव सुचवलं, सराव त्याचाच जास्त. मालक म्हणाला, "पोरगं चुकलं तर त्याच्याबरोबर तुम्हीपण घरी." सर म्हणाले, "चालेल."

सुरुवातीची धून सरांची स्वतःची होती, चक्क ब्लूज. तिच्यात बापूचा सोलो. मी आणि शैलाताई पहिल्या रांगेत. पडदा वर गेला, समोर सगळं शेवगाव बसलेलं, आणि बापूचा पार दगड झाला. बोट ए या सुरावर पडलं ते तिथंच. दुसरा सूर नाहीच. टँव, टँव, टँव. नुसता ए!

पहिली कॉर्ड एची, तिथं तो सूर घरचाच. दुसरी डीची, तिच्यातही ए असतोच. निभावलं. पण आठ मोजून झाले की येणार होती ई. तिच्यात ए नसतो. तिथं सगळं नासणार होतं. शैलाताई हळूच मोजत होत्या, "सहा... सात... आठ..." आणि त्यांनी डोळेच मिटले.

सरांनी बापूकडं बघितलं. विंगेत उभ्या मालकाकडं बघितलं. बेस गिटारवाल्याला कोपर मारलं.

ई आलीच नाही. सर ए कॉर्डवरच बसून राहिले. मग डी, मग परत ए. पूर्ण धूनभर ई नाही म्हणजे नाही! लोकांना वाटलं, काय पोरगं आहे, एकाच सुरावर सगळं तोलून धरलंय! शिट्ट्या पडल्या. मालकानं विंगेतून अंगठा दाखवला.

कार्यक्रम संपल्यावर बापू स्टेजमागं धावत आला, घामानं चिंब. "सर! एक बी सूर चुकला न्हाई!"

सर तारा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय. आज कॉर्डच चुकली."