१८०० आणि १८६०

आमचा धंदा दूध संकलन केंद्रावरचे कूलर दुरुस्त करायचा. कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी स्टीलची टाकी. उन्हाळ्यात ती बंद पडली की आतलं दूध गेलंच समजा, म्हणून तक्रार वेळेत कळण्यावर आमचं सगळं अवलंबून. सावेडीतल्या दुकानासाठी मोठ्या कंपन्यांसारखा नंबर घ्यायचं ठरलं आणि आम्हा नवरा-बायकोची जुंपली. यांना १८०० हवा होता. त्यात फोन करणाऱ्याला फुकट, बिल आपल्या माथी. मला १८६०, करणाऱ्याने लोकल कॉलचे पैसे भरावेत. शेवटी दोन्ही घेतले. कर्जतकडच्या कूलरवर १८६०चं स्टिकर, पाथर्डीकडे १८००चं. मोबाईल नंबर मुद्दाम दिले नाहीत, नाहीतर तुलना कशी होणार?

कर्जतहून फोन येत राहिले. लोक आधी पैसे कापल्याबद्दल बोलायचे, मग मशीनबद्दल. पाथर्डीचा नंबर मात्र मुका.

"बघ, तिकडच्या मशिनी कशा मस्त चालल्यात," हे म्हणायचे.

ऐन मे महिन्यात, तिकडच्या कमी-जास्त व्होल्टेजवर? फुकटचा नंबर कोणी सोडतं का? एका दुपारी मीच यांना गाडीत बसवलं आणि पाथर्डीच्या पुढचं एक केंद्र गाठलं.

आत पाऊल टाकताच कळलं, कूलरचा आवाज नाही. केंद्र चालवणारे काका टाकीला ओली पोती गुंडाळत होते. त्यांचं दूध आधी एकदा नासलं होतं; पुन्हा नासलं तर केंद्र काढून घेऊ, असं डेअरीने त्यांना बजावलेलं.

हे थेट मशीनकडे धावले. मी काकांवर उखडले.

"फोन का नाही केला?"

"सकाळधरनं करतोय की! मिस्कॉलवर मिस्कॉल. तुमचाच उलटा फोन येईना."

त्यांनी समोर लावून दाखवला. एक रिंग वाजली की कट, आमच्याकडे घंटी पोचायच्या आतच. आमच्याकडे फक्त उचललेल्या कॉलची नोंद व्हायची. अशा कॉलचा मागमूसही लागत नव्हता.

"अहो, फुकट आहे तो! उचलेपर्यंत थांबायचं."

"आमाला फुकट. पैसे तुमचे जात्यात, ह्ये तुमचे साहेबच म्हन्ले व्हते स्टिकर लावताना. मंग दुसऱ्याच्या पैशावर कशाला बोलत बसायचं? हिकडं समदे मिस्कॉलच देत्यात."

मला संताप आला, पण काढणार कुणावर? पैसे मोजणारे कर्जतकर हक्काने भांडत होते आणि ज्यांना फुकट दिलं ते आमचं बिल वाचवत बसले होते. आम्ही दोघं आकड्यांवरून भांडलो, माणसांचा विचारच केला नाही.

कूलर घरघरला. दूध टिकलंय का बघायला काकांनी टाकीतलं थोडं दूध काचेच्या नळीत घेऊन तापवायला धरलं. तिघांचे डोळे नळीवर. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, वाचलो. मग कडेला बारीक कण दिसले आणि दूध फाटलं.

काकांनी टाकीचा नळ सोडला. दूध गटारीत जाताना मला रडू आवरलं नाही.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. डेअरीचा फोन. त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

"व्हय साहेब, नासलं. न्हाई न्हाई, मशीनवाल्यांची काय बी चूक न्हाई. ते आलेत हितं. मलाच फोन नीट लावता आला न्हाई."