गावाच्या पाण्याचा नकाशा

धुळ्याच्या आयटीआयमधून मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. घराचा प्लॅन, जिन्याचा छेद, जमिनीची लेव्हल काढणं हे सगळं शिकले आणि नगरपालिकेत नोकरीला लागले ती जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या टेबलावर. अक्षर वळणदार होतं, म्हणून हेडक्लार्कनी मला तिथून हलूच दिलं नाही. चार वर्षं मी गावात कोण आलं आणि कोण गेलं ते लिहीत बसले. ट्रंकेतली नकाशे काढायची टी-स्क्वेअर पट्टी आईने मच्छरदाणी अडकवायला घेतली होती.

आमचं गाव अमळनेरच्या बाजूचं. कापसाचा बाजार, सरकी काढायचे दोन जिनिंग कारखाने, एक रेल्वे फाटक आणि नगरपालिका. नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. चार दिवसांआड हे तरी कळत होतं, पण किती वाजता ते कोणालाच ठाऊक नसायचं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. घरातलं एक माणूस त्या दिवशी तोटीपाशी बांधलेलं. शाळेत मुली गैरहजर असल्या की बाई कारणही विचारत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी नवे मुख्याधिकारी आले. बुटके, घाईघाईने चालणारे, चहा कपात न पिता बशीत ओतून पिणारे. त्यांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सभागृहात बोलावलं. पाणीपुरवठ्यासाठी नगरपालिकांना सरकारमार्फत विकासकर्ज मिळणार होतं. तापीवरून नवी पाइपलाइन, नवी टाकी, पाणी शुद्ध करायचं केंद्र, सगळं त्यातून होणार होतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. मग साहेब म्हणाले, "पण कर्ज फुकट मिळत नाही. कर्ज देणाऱ्यांच्या अटी आहेत. कोणत्या घरात नळ आहे त्याची यादी पाहिजे. पाणी ठरल्या वेळी सोडायचं वेळापत्रक पाहिजे. आणि सगळ्यात आधी, गावाच्या पाइपलाइनचा नकाशा. नकाशा कुठाय?"

ओव्हरसियर कपाटातून कापडावर चिकटवलेला एक नकाशा घेऊन आले. त्यात फक्त जुनी पेठ होती, तीही अर्धी कसरीने खाल्लेली. नंतरच्या तीस वर्षांत जे पाइप टाकले ते कागदावर कुठेच नव्हते.

"मग कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे तुम्हाला कळतं कसं?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात आमचे व्हॉल्व्हमन उभे होते. अख्खं गाव त्यांना आबा म्हणायचं. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, सायकलच्या दांडीला बांधलेली व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी. निवृत्तीला दीडेक वर्ष उरलेलं.

"माले इचारा," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. "बठ्ठं माले माहित शे. नकाशा कसाले जोयजे?"

"आबा, तुम्ही घरी बसल्यावर कोणाला विचारू?" साहेब म्हणाले. सगळं तोंडपाठ असलेल्या आबांना हे आवडलं नाही.

ऑफिसात नकाशा कोणाला काढता येतो, असं साहेबांनी विचारलं तेव्हा कोणीतरी हसत माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी मला पुढे बोलावलं.

"ड्राफ्ट्समन आहात? मग इथे काय करता?"

"दाखले लिहिते, साहेब."

"उद्यापासून लिहू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी हातात टेप आणि काखेत फाइल घेऊन आबांच्या सायकलमागे चालायला लागले. आबा पुढे, मी मागे. ते माझ्याशी बोलत नव्हते. एका कोपऱ्यावर थांबून चावीने जमीन दाखवत म्हणायचे, "अठे शे," आणि पुढे जायचे. मी पळत जाऊन मोजायची. विजेच्या खांबापासून किती, मारुतीच्या ओट्यापासून किती. खांब आणि ओटे हलत नाहीत. दोन ठिकाणांहून मोजलं की जागा पक्की होते, हे आयटीआयच्या सरांनी डोक्यात बसवलं होतं.

गावात चर्चा सुरू झाली. पोरगी गल्ल्या मोजत फिरते म्हणून आईला चारचौघींनी सांगितलं. अतिक्रमण पाडायला आलो असं समजून एका बाईने ओट्यावरून माझ्या अंगावर राखेचं पाणी टाकलं. ती साडी मी नंतर फक्त या कामालाच नेसले.

आठवड्याभराने आबा थोडे सैल झाले. निमित्त घडलं ते असं. चावडीमागे ते म्हणाले, लाइन उजवीकडे वळते. माझ्या मोजमापात ती डावीकडेच वळायला हवी होती. मी तसं म्हटलं. आबांनी लोखंडी चावीचं टोक जमिनीवर टेकवलं, वरच्या मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. पाणी सुटायचा दिवस होता. मग ते दोन पावलं डावीकडे सरकले, पुन्हा कान लावला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुनं खरं शे. मी चुकनू." मग मलाही कान लावायला सांगितलं. लोखंडातून जमिनीखालच्या पाण्याचा बारीक, सलग आवाज येत होता. मी गावात जन्मले, वाढले, पण गावाच्या पोटातला आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर आबा मला माय म्हणायला लागले. दुपारी ते कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा काढायचे आणि अर्धी मला द्यायचे.

गावाचं काम संपत आलं तसं आम्ही रेल्वे फाटकापर्यंत पोचलो. फाटकापलीकडे जिनिंगच्या मजुरांची वस्ती होती. तिथे पाइप होते, तोट्या होत्या, फक्त पाणी नव्हतं. कित्येक वर्षं नव्हतं. वस्ती चढावर आहे, तिथे प्रेशर पोचत नाही, असं नगरपालिका सांगायची आणि वस्तीही तसंच मानायची. बाया मैलभर लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. एका अंगणात तोटीला शेळी बांधलेली मी पाहिली. आबा मात्र फाटकाच्या अलीकडेच थांबले. सायकल पंक्चर झाली म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाय दुखतो म्हणाले. वस्ती मी एकटीनेच मोजली.

नकाशावर उंची दाखवायची म्हणून मी ओव्हरसियरकडून लेव्हल काढायची दुर्बीण मागून घेतली. तीन पायांवर ती उभी केली, शिपायाला पट्टी धरायला लावली आणि बाजारपेठेपासून वस्तीपर्यंत आकडे घेतले. संध्याकाळी ऑफिसात बसून ते मांडले आणि मला वाटलं, माझी चूक झाली. पुन्हा मांडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन घेतले. उत्तर तेच येत होतं. वस्ती चढावर नव्हतीच. बाजारपेठेपेक्षा ती खाली होती, म्हणजे पाणी तिथे आपोआप पोचायला हवं होतं. डोळ्यांना चढ दिसायचा तो फाटकाच्या भरावामुळे.

मी आबांना सांगितलं. ते भाकरी खात होते. हातातला घास तसाच राहिला. त्यांनी फडकं झटकलं आणि सायकलवर बसून निघून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसाच्या दारात उभे. "चाल माय," एवढंच म्हणाले. आम्ही फाटकाकडे गेलो. फाटकाच्या अलीकडे, डांबरी रस्त्याच्या मधोमध त्यांनी चावी टेकवली.

"अठे शे. रस्ता खाले."

"काय आहे आबा?"

"व्हॉल. मीच बंद करेल शे."

मग त्यांनी सांगितलं. एका टंचाईच्या वर्षी तेव्हाच्या नगरपालिकेतल्या एका वजनदार सभासदाने त्यांना बोलावून घेतलं होतं. बाजारपेठेला पाणी कमी पडतंय, दोन महिने वस्तीचा व्हॉल्व्ह बंद ठेव, म्हणाला. आबांनी ठेवला. त्याच दोन महिन्यांत रस्त्याचं डांबरीकरण झालं आणि व्हॉल्व्ह रस्त्याखाली गेला. तो सभासद पुढे वारला. रस्ता फोडा असं सांगावं तर बंद का केला होता, हा प्रश्न आला असता. "कोनले सांगू? नवकरी जाती," आबा म्हणाले. तेव्हापासून ते वस्तीत पाय ठेवत नव्हते.

मी पेन्सिल हातात धरून तशीच उभी. आबांचं नाव यात येईल, वर्षाभरावर निवृत्ती आहे, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं.

"लिखी ले माय," आबाच म्हणाले. "नकाशामा लिखी ले."

मी खांबापासून मोजलं आणि लिहिलं.

साहेबांना आबांनी स्वतःच सगळं सांगितलं. मी शेजारी उभी होते. साहेबांनी बशीतला चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "खड्डा किती खोल घ्यावा लागेल?"

दुसरा दिवस पाणी सुटायचा होता. दहा वाजता चार मजुरांनी डांबर फोडलं. कंबरभर खाली विटांचा हौद लागला, मातीने गच्च भरलेला. माती काढली तेव्हा गंजलेला व्हॉल्व्ह दिसला. आबांनी दाखवलेल्या आणि मी मोजलेल्या जागेपासून तो वीतभरसुद्धा सरकलेला नव्हता. आबांनी त्यावर रॉकेल ओतलं, तासभर थांबले आणि चावी लावली. हलेना. एक मजूर आला, दुसरा आला. तिघांनी मिळून जोर लावला तेव्हा कर्रकन आवाज होऊन पाव फेरा फिरला. मग अर्धा. मग आबा म्हणाले, "सोडा, आते मी फिरावस."

मी फाटक ओलांडून वस्तीत पळाले. तोट्यांमधून आधी नुसती हवा फुसफुसत होती. मग विटेच्या रंगाचं पाणी थुंकल्यासारखं आलं. मग धार लागली. शेळीवालीच्या अंगणातून आरोळी आली, "पानी ऊनं वो! पानी ऊनं!" बाया हंडे, घमेली, पातेली जे हाताला येईल ते घेऊन धावल्या. त्या लाल पाण्याने एकीने आपलं तोंड धुतलं. मला कोणीतरी मिठी मारली. कोण ते आजही माहीत नाही.

आबा मागून चालत आले, सायकल न घेता. त्या शेळीवालीला वस्ती अक्का म्हणायची. तिच्यासमोर उभे राहून आबा म्हणाले, "अक्का, व्हॉल मीच बंद करेल व्हता."

अक्काने भरता हंडा खाली ठेवला. "मन्या तीन पोरी हांडा वाही वाही सासरे गयात," ती म्हणाली. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. तिने पुन्हा हंडा तोटीखाली सरकवला. "आते कोनी बी सांगो, बंद करानं नही."

"नही," आबा म्हणाले.

वस्तीला पाणी गेलं तसं बाजारपेठेचं कमी झालं आणि तिथले पाच-सहा व्यापारी ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटायला लागले. साहेबांनी माझा नकाशा उघडून त्यांच्यापुढे पसरला. "पाणी आहे तेवढंच आहे. हे सगळं गाव आहे. आता वाटणी कशी करायची ते तुम्हीच बोटाने दाखवा." नकाशावर बोट ठेवून वस्तीचं पाणी तोडा असं म्हणणं कोणालाच जमलं नाही. आमच्या गावाचं पहिलं वेळापत्रक त्या दुपारी ठरलं. नवी टाकी, नवा पाइप काहीही यायच्या आधी.

शाईने नकाशा पक्का करायला मला दोन महिने लागले. धुळ्याला जाऊन त्याच्या निळ्या प्रती काढून आणल्या. खालच्या कोपऱ्यात नाव घालायची चौकट असते. तिथे मी माझं नाव लिहिलं, आणि त्याच्या वर, 'माहिती देणार' असं लिहून आबांचं. ते चुकीचं आहे, असं कोणाचं नाव घालत नाहीत, असं ओव्हरसियर म्हणाले. मी खोडलं नाही. आबांना अक्षरं जेमतेम लागायची. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि शाई लागेल म्हणून पटकन मागे घेतलं.

कर्जाच्या तपासणीला मुंबईहून एक अधिकारी आले. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला, मग एका ठिपक्यावर पेन टेकवलं. "हा व्हॉल्व्ह मला दाखवा."

साहेब म्हणाले, "बाई, टेप घ्या."

गुरांच्या बाजारात आम्ही सगळे गेलो. मागे लोकही जमले. मी खांबापासून मोजलं, विहिरीच्या कठड्यापासून मोजलं आणि चपलेच्या टोकाने जमिनीवर फुली मारली. आबा मिशीवर हात फिरवत स्वस्थ उभे. मजुराने दोनदा कुदळ मारली आणि लोखंडाच्या झाकणाचा ठण्‌ असा आवाज आला.

अधिकारी म्हणाले, "कोणत्या कंपनीकडून करून घेतलात नकाशा?"

"कंपनी नाही," साहेब म्हणाले. "या आमच्या बाई आणि हे आमचे आबा."

कर्ज मंजूर झालं. पुढची तीन वर्षं रस्ते खणलेले, धुरळा, शिव्या आणि उशीर यांत गेली. पाणीपट्टी वाढली तेव्हा मोर्चाही निघाला. त्या काळात मी ऑफिसात दाखल्यांच्या टेबलावर नव्हे, ड्रॉइंग बोर्डापुढे बसत होते. नव्या लाइनीचा प्रत्येक सांधा मी स्वतः जागेवर जाऊन मोजला, मग बुजवू दिला. आबा तोवर निवृत्त झाले होते, पण टाकीचं काम बघायला रोज येऊन बसायचे आणि गवंड्यांना सूचना करायचे. शेजारच्या दोन नगरपालिकांची माणसं आमचा नकाशा बघायला आली तेव्हा साहेबांनी त्यांना सरळ माझ्याकडे पाठवलं.

नव्या टाकीतून पाणी सुटलं तेव्हा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी आम्ही पत्र्याची पाटी लावली. त्यावर त्या गल्लीची पाण्याची वेळ, रोजची. पहिल्या आठवड्यात बोहरी आळीतली एक बाई तणतणत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाटीवर साडेसहा लिहिलंय. आज पावणेसात वाजता आलं. पंधरा मिनिटं मी काय पाटीकडे बघत बसायचं?"

मी तिची तक्रार लिहून घेतली. गावात पाणी उशिरा आलं अशी ती पहिली तक्रार होती. त्याआधी पाण्याला वेळच नव्हती, तर उशीर कुठून होणार? मी तिला खुर्ची दिली, माफी मागितली आणि तिच्यासमोरच नव्या व्हॉल्व्हमनला बोलावून घेतलं.