बिनसहीचा ईमेल
स्टॅम्प पॅडच्या शाईचा वास आला की अजून माझं डोकं तापतं. उज्जैनला आमच्या कृषी कार्यालयात पहिला कंप्युटर आला, तेव्हा मी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सल्ला देणारा नवा कर्मचारी होतो. ऐन पावसाळ्यात वरच्या ऑफिसातून त्यावर ईमेल आला की सोयाबीनवर इल्ली, म्हणजे पानं खाणारी अळी, पडतेय, ताबडतोब फवारणी करायला सांगा. प्रिंट काढून मी साहेबांकडे धावलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “दस्तखत कहाँ है?” “सर, ईमेल पे दस्तखत नहीं होते.” “फिर क्या भरोसा? अफवाह भी हो सकती है.” त्यांनी सहीची प्रत मागवणारं पत्र लिहिलं, त्यावर दणादण शिक्के मारले आणि ते टाकायला मलाच फ्रीगंजच्या पोस्टात पिटाळलं. चडफडत गेलो. सहीची प्रत यायला दहा दिवस लागले. ती घेऊन गावात पोचलो, तर शेतात पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. बांधावरचा शेतकरी म्हणाला, “रोज तो यहीं से निकलते थे भैया, मुँह से ही बोल देते.” साहेबांना सही हवी होती, ते सोडा, पण नुसतं तोंडानं सांगायला मी कुणाच्या सहीसाठी थांबलो होतो, ते रिटायर झालो तरी मला कळलेलं नाही.