चंद्राला ओवाळणारी आई

परभणीच्या स्टेशनावर गाडी हलली, तेव्हा आई खिडकीचा गज धरून चालत होती. "तिकडं बोलत राहा रे बाबा. गप्प बसलेला माणूस परका वाटतो." तिचा एवढा एकच उपदेश मी मनावर घेतला. हैदराबादला, चिक्कडपल्लीत, येऊन निम्मं आयुष्य झालं. अजून थांबलेलो नाही. मराठीत इथल्या दखनीतलं 'हौ' आलं, 'नक्को' आलं, भाजीवालीशी तेलुगूत हुज्जत आली. परभणीचे भाऊबंद म्हणतात, फोन आमचा, बोलणं तुझं.

वडील गेल्यावर आईही इकडेच आली. भाऊबीजेला मामाला ओवाळण्याआधी ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळते. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळावं. आईला तर इथंच, हैदराबादच्या मलकपेठेत, चांगला जाडजूड भाऊ! "आईचा एक भाऊ आकाशात, एक मलकपेठेत," हा माझा ठरलेला विनोद. सगळे हसायचे. आई सोडून.

गेल्या दिवाळीआधी वकिली शिकणाऱ्या माझ्या लेकीनं, केतकीनं, टीव्हीवर एक माहितीपट लावला. ग्वाटेमालातल्या माया लोकांचा. लष्करानं त्यांची गावंच्या गावं संपवली होती. वाचलेल्या बाया कित्येक वर्षांनी, आपल्या गावच्या विणीचे कपडे घालून, आपल्याच भाषेत, न्यायाधीशांसमोर उभ्या होत्या. आईला खालची इंग्रजी अक्षरं कळेनात, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगू लागलो.

"बाबा, एवढं लिहिलेलं नाही तिथं! तुमची कथा नक्को."

मग एक म्हातारी भावाचं नाव घेऊन त्याची हाडं मागू लागली. मी सांगता सांगता थांबलो.

"थांबलास का? काय म्हणतीय ती?"

सांगितलं. आई पडद्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या थोरल्या दादाचं नाव किसन."

निजामाच्या राजवटीतल्या शेवटच्या धामधुमीत तो चुकलेला बैल शोधायला गेला, तो आलाच नाही. मामा तेव्हा जन्मलाही नव्हता. जिवंत म्हणवेना, मेला म्हणवेना, म्हणून आईच्या आईनं घरात त्याचं नावच बंद केलं.

"आई, कधी बोलली नाहीस?"

"तू थांबलास कधी?"

भाऊबीजेला मामासकट सगळे गच्चीवर गेलो. चंद्राची कोर शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे उतरत होती. आईनं तबक उचललं आणि हाक मारली, "किसनदादा!"

"आजी, दिसायला कसे होते ते?" केतकीनं विचारलं. आई सांगत बसली. निरांजन विझलं, खाली जेवण गार झालं, मामा डोळे पुसत राहिला. मी मध्ये एक शब्द घातला नाही. विश्वास ठेवा!

आता तुझं घर कुठलं रे, असं तुम्ही परभणीचे भाऊबंद फोनवर विचारता. जिथं किसनमामाला नावानं हाक मारतात, ते. यंदा भाऊबीजेला या. आई बोलेल, मी पाटपाणी बघतो.