धुणं चाललेलं विमान

माझ्या वडिलांनी नोकरीभर विमानं धुतली. हे लिहायला मला काही वाटत नाही. आमच्या सोसायटीत मात्र ते कुणाला माहीत नव्हतं. बाबा सांगायचे, "एअरपोर्टला होतो." पुढे कुणी विचारलंच तर, "टेक्निकल साइडला." साबणाची बादली, लांब दांड्याचा मॉप आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट याला टेक्निकल म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणत नाही. त्याच बादलीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. आज तळोज्याच्या कारखान्यात लॅबच्या कागदावर माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. खांदेश्वरच्या या फ्लॅटच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. यातलं काय लपवायचं, ते मला कधी कळलं नाही.

मी प्लॅस्टिकची विमानं बनवते. सुटे भाग डब्यात येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेजारणी विचारतात, "कुणासाठी गं?" मी सांगते, माझ्यासाठी. मग विषय बदलतो. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी दोघंच. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग जेवणाचा, अर्धा विमानांचा.

या छंदात रंग आणि कंपनीच्या नावाच्या, रेघांच्या चित्रपट्ट्या लावून झाल्या की शेवटचं काम असतं वेदरिंग. नुसतं रंगवलेलं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. ते वापरातलं वाटावं म्हणून त्यावर उन्हापावसाच्या खुणा आणायच्या. पोटाखाली तेलाचे मागे ओढलेले डाग, इंजिनामागे काजळी, सांध्यांमध्ये मळ. हे जमलं की आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबातले लोक मॉडेल हातात घेऊन बघतात. नाही जमलं तर "छान आहे" म्हणून पुढे सरकतात.

एकदा मी एक प्रवासी विमान असं चांगलं मळवून टेबलावर ठेवलं होतं. बाबा चहा घेऊन आले आणि थांबले.

"हे काय केलंस?"

"वेदरिंग."

"घान हाय ही."

"हो. मुद्दाम लावलीय."

"आमी काय झोपा काढत होतो? असलं पोट घेऊन विमान सोडलं असतं ना बाय, तर मुकादमानं आमालाच बादलीत बुचकळलं असतं."

ते रागावले होते. खरंच रागावले होते, एका प्लॅस्टिकच्या विमानावर. हल्ली आमच्या डोक्यावरून नव्या एअरपोर्टची विमानं जातात. बाबा गॅलरीत उभे राहून त्यांची पोटं बघतात आणि स्वतःशीच म्हणतात, धुवायला झालंय. खाली बाकावर मात्र टेक्निकल साइड.

त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यात बसलं. आमच्या क्लबात विमानं एकतर कोरी असतात नाहीतर मळलेली. मळलेलं विमान पुन्हा स्वच्छ कोण करतं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. मी ठरवलं, धुणं अर्ध्यावर आलेलं विमान करायचं. नाकापासून पंखांपर्यंत धुतलेलं, शेपटीकडे अजून मळलेलं. आणि क्लबाच्या वार्षिक प्रदर्शनात ते वेदरिंगच्याच गटात ठेवायचं.

बाबांना सांगितलं. ते टीव्ही बघत होते.

"ठेव. पन माझं काम नको सांगू."

"का?"

"इतकी वर्षं कोनी विचारलं नाय. आता कशाला?"

"मी आपणहून सांगणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"टेक्निकल म्हन."

"नाही म्हणणार."

त्यांनी आवाज वाढवला. आमच्या घरात याचा अर्थ, बोलणं संपलं.

पांढरा रंग हा सगळ्यात खवीस रंग. जाड मारला की ओघळतो, पातळ मारला की खालचं करडं अस्तर दिसतं. त्यात आपली खाडीची दमट हवा. वार्निश मारावं आणि ते दुधाळ पडावं, असं दोनदा झालं. दोनदा घासून काढलं. मग रंगावर चकचकीत थर दिला, कारण चित्रपट्टी खडबडीत रंगावर बसत नाही, तिच्याखाली हवा अडकून चंदेरी दिसायला लागते. बाबा ज्या कंपनीची विमानं जास्त धुवायचे ती केव्हाच बंद पडली. तिची निळी पट्टी मला मिळाली होती. पट्टी पाण्यात भिजवायची, कागदावरून हळूच सरकवून विमानावर घ्यायची. खिडक्यांच्या खालून नाकापर्यंत एक सरळ निळी रेघ. दरवाजापाशी ती तुटली. तुकडे ब्रशने जुळवले, वरून पट्टी मऊ करणारं औषध लावलं. पट्टी आधी सुरकुतली, मग सकाळी बघते तर रंगावर चिकटून बसली होती, जणू तिथेच रंगवलेली.

मग सगळं विमान मळवलं. तपकिरी आणि काळा तैलरंग पातळ करून सांध्यांत सोडला, काजळीची भुकटी घासली. आणि ते वाळल्यावर पुढचा अर्धा भाग धुवायला घेतला. थिनरमध्ये चपटा ब्रश ओला करून खालून वर. साबण खालून वर लावतात. वरून लावला तर त्याचे ओघळ कोरड्या मळावरून खाली येतात आणि त्या रेघा नंतर जात नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे जेवताना हेच बोलणं असायचं, दुसऱ्यांच्या घरी ऑफिसचं असतं तसं. धुतलेल्या भागावर ओलं दिसेल असं चकचकीत वार्निश दिलं, मागचा भाग सुका ठेवला. शेवटी नाकाच्या बाजूला पिवळी पट्टी लावली, तिळाएवढी. तिथे बारीक छिद्रं असतात. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून कळतो, त्यावरून वैमानिकाला उंची दिसते. धुण्याआधी ती झाकायची आणि धुऊन झाल्यावर आठवणीने उघडायची.

बाबांनी ते विमान बघितलं. पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि उचललं.

प्रदर्शन वाशीच्या एका हॉलमध्ये होतं. वेदरिंगच्या टेबलावर वाळवंटातली लढाऊ विमानं, चिखलातली हेलिकॉप्टरं, आणि मधे माझं. परीक्षक आमच्या क्लबातले सगळ्यात जुने सर. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, माणूस वाईट नाही, पण बोलतात ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"टाइम नाही मिळाला का गं?"

"मिळाला, सर."

"मग हे अर्धंच? पुढे ग्लॉस, मागे मॅट. वार्निश संपलं?" शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. "आणि हे बघ, रंगवताना लावलेली मास्किंग टेप राहिलीय तुझी." ते चिमटा घेऊन पुढे वाकले.

मी मधे हात घातला. "हात नका लावू, सर. ती राहिलेली नाही, लावलेली आहे."

मी समजावून सांगितलं. विमानाचं धुणं चाललंय, पुढचं झालंय, मागचं बाकी आहे, पट्टीखाली छिद्रं आहेत.

"अगं पण असं कुणी करतं का? उद्या कोणीही अर्धवट काम आणेल आणि म्हणेल, धुणं चाललंय. माझ्याकडे काजळी आहे, पुढच्या भागाला पटकन मार, टेप काढ, सगळं एकसारखं होईल. नाहीतर मला हे बिगिनर्सच्या टेबलावर न्यावं लागेल."

"बिगिनर्सच्या टेबलावर मी नाही ठेवणार."

"मग रेफरन्स दाखव. नियम आहे आपला. फोटो, पुस्तक, काहीतरी. असं विमान तू पाहिलंस कुठे?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. नियम मलाही ठाऊक होता. आणि नेमके तेव्हाच बाबा आत आले होते. बरोबर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि त्यांच्या मिसेस. तिघं टेबलाच्या पलीकडे उभे. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जेमतेम दिसेल एवढी.

मला एक सोपी वाट होती. माझे वडील एअरपोर्टला टेक्निकलमध्ये होते, त्यांनी सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी सरांनी ऐकलं असतं. टेक्निकल शब्दाला लोक खुर्ची देतात. पण मग हे विमान कुणाचं झालं असतं? इंजिनीयरने लांबून बघितलेलं. ते तसं नव्हतं. ते खालून, मॉप धरलेल्या माणसाच्या जागेवरून बघितलेलं होतं, आणि तसंच म्हणून ते तिथे राहायला हवं होतं.

"माझे वडील विमानं धुवायचे," मी म्हणाले. सरांच्याइतक्याच मोठ्या आवाजात म्हणाले. "साबण, मॉप, पाण्याचा पाइप. हे इथे उभे आहेत. माझा रेफरन्स हाच."

सेक्रेटरींच्या मिसेस "अय्या" म्हणाल्या. सरांनी चष्मा काढला आणि बाबांना विचारलं, "साहेब, बरोबर आहे का हिचं?"

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "पट्टी बरोबर हाय. पुढचं एवढं चकाचक नाय होत. पानी वाळलं की डाग ऱ्हातात." आणि चहाच्या टेबलाकडे चालते झाले.

विमान वेदरिंगच्या टेबलावर राहिलं. बक्षीस वाळवंटातल्या लढाऊ विमानाला गेलं. ते चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. माझ्या विमानाला काहीच मिळालं नाही. मी ते खोक्यात भरून आणलं.

घरी बाबा आधीच पोचले होते.

"सांगितलंस."

"विचारलं म्हणून."

"टेक्निकल म्हनली असतीस तर चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

"तुला काय. मला हितं ऱ्हायचंय."

"मलाही इथेच राहायचंय, बाबा."

पुढचे काही दिवस ते संध्याकाळी खाली गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत नव्हता, मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. खालच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली, भिंतीच्या बाजूची. गॅलरीतून दिसायचं, तिथे आता दुसरंच कुणीतरी पाय पसरून बसायचं. मला वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही. माफी मागायची म्हणजे ते काम सांगण्यासारखं नव्हतं असं कबूल करायचं. ते माझ्याकडून होणार नव्हतं. दोघंही तसेच. मी कुणावर गेले, ते वेगळं सांगायला नको.

रविवारी घरात पाव नव्हता. मी निघाले तर बाबा चपला घालून दारात उभे. "मी बी येतो," म्हणाले. पाव घेऊन परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये सेक्रेटरी त्यांच्या नव्या गाडीपाशी उभे होते, बाकावर चौघं नेहमीचे.

"काय काका," सेक्रेटरी म्हणाले, "दिसत नाही हल्ली. आमच्या गाडीकडे पण बघा की जरा एखाद्या रविवारी."

बाकावरचे हसले. अगदी वाईट हसू नव्हतं ते, पण हसू होतं. माझं तोंड उघडलं होतं. बाबांनी मागे न बघता हात वर केला, गप्प म्हणून.

ते गाडीभोवती फिरले. सावकाश. बॉनेट बघितलं, टप बघितला, मागच्या काचेपाशी वाकले. सेक्रेटरींचं हसू थोडं ओशाळलं.

"लहान हाय हो तुमची," बाबा म्हणाले. "माझा हात नाय बसायचा हिला."

मग पावाची पिशवी माझ्या हातात दिली, बाकापाशी गेले, आणि भिंतीकडे बसलेल्याला म्हणाले, "सरका जरा."