शेवंतीच्या पत्रकातला शेवटचा रकाना

मुख्याध्यापकांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीवर ते, दुसरीवर संस्थेचे अध्यक्ष, तिसरीवर अध्यक्षांची छत्री. मी उभी होते.

अध्यक्ष आमच्या गावचे मोठे बागायतदार. माझे वडील त्यांच्याच माडांवर चढून माडी काढत. मी बी.ए., बी.टी. झाले होते, मालवणातल्या त्या शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवत होते. तरी त्यांच्या लेखी मी माडाखालचीच.

साठ सालानंतरची गोष्ट. पुढे काय शिकावं, कोणतं काम धरावं हे मुलांशी बोलून ठरवायला मदत करणारे शिक्षक तेव्हा नव्याने तयार होत होते. मी सुट्टीत मुंबईला जाऊन त्याचा दीड महिन्याचा वर्ग केला. प्रमाणपत्रासाठी एवढंच उरलं होतं: वीस मुलांच्या मुलाखती, त्यांची पत्रकं, आणि प्रत्येक पत्रकावर मुख्याध्यापकांची सही.

अध्यक्षांनी शेवंतीचं पत्रक उचललं. शेवंती अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती, तिची आई मासे विकायची. शिफारशीच्या शेवटच्या रकान्यात मी तिने सांगितलं तेच लिहिलं होतं, 'नर्स'.

"माडार चडणाऱ्याचा चेडू गो तू," ते हसत म्हणाले. "तू आता लोकांच्या पोरांका वाट दाखवतलंस?" मग कचेरीतली भाषा आली. "शिवणकाम लिहा, बाई. झेपेल असं लिहा."

मुख्याध्यापकांनी टाक पुढे केला. मी खोडलं. उभ्याउभ्याच लिहिलं, शिवणकाम. सही मिळाली. मी "थँक्यू, सर" म्हणाले. मुलांनो, त्यांच्या बोलण्यापेक्षा मला माझं ते थँक्यू जास्त लागतं. अजून.

मुंबईच्या वर्गात एक नियम शिकवला होता. पत्रक पुरं झालं की ते मुलाला वाचून दाखवायचं, मगच त्याची सही घ्यायची. दुपारी शेवंतीला पायरीवर बसवलं आणि वाचलं.

"ह्यां मी खंय सांगलंय, बाई?"

मी टाक तिच्यासमोर धरला.  तिने हात पुढे केला.

"बरां. सही खंय करू?"

ती चिडली असती तर मी समजूत घातली असती. ती चिडली नाही. सोळा वर्षांची मुलगी, आणि इतकी सवय. सकाळी माझीही तीच सवय कामी आली होती.

पत्रक घेऊन मी परत कचेरीत गेले. दोघेही होते. त्यांच्यासमोर 'शिवणकाम' खोडलं, 'नर्स' लिहिलं, बाजूला माझी सही केली.

मुख्याध्यापक म्हणाले, "मग माझी सही मी काढून घेतो. पत्रकं एकोणीस झाली. तुमचं प्रमाणपत्र गेलं, बाई."

"जाऊ दे, सर. तिने सांगितलं तेच राहील."

प्रमाणपत्र आलं नाही. शेवंतीही नर्स झाली नाही. परीक्षेनंतर तिचं लग्न झालं, ती खारेपाटणला गेली. माझ्या त्या दुसऱ्या खोडण्याने तिचं भलं झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी दमले होते, आणि पुढची वीस वर्षं त्याच माणसांच्या शाळेत दमतच काढली.

मुलं मात्र येत राहिली. मी साध्या वहीच्या कागदावर त्यांचं म्हणणं लिहीत राहिले. मूल समोर बसल्याशिवाय एक अक्षर नाही. ते कागद तपासायला मागत अध्यक्षांचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा नाही म्हटलं. आज कोणी मागितले तरी नाहीच म्हणेन.