वडनेर भोलजीच्या दोन पट्ट्या

नांदुऱ्याला पहाटे पोचणारी गाडी साडेआठला पोचली आणि माझी चिडचिड फलाटावरच सुरू झाली. हातात वजनकाट्याची पेटी, खांद्यावर पिशवी आणि हातमोज्यांचा डबा ठाण्याला ओट्यावर राहिलेला. मेडिकलच्या दुकानातून नवे मोजे घेतले, रिक्षा केली आणि वडनेर भोलजीकडे निघाले. दोन्हीकडे कपाशी, मध्येच तुरीचे पट्टे, आणि थोड्या थोड्या अंतरावर पिवळे खांब. खालून वायूचा नळ जातो, खणू नका, असं त्यांच्यावर लिहिलेलं.

माझं काम त्या नळाच्या आतलं. वायूत जराशी ओल उरते, ती तळाला साचून पोलाद आतून खाते. ते थांबवायला नळात एक विषारी रसायन सोडतात. नळ साफ करताना तेच घाण पाण्याबरोबर बाहेर येतं. आम्ही प्रयोगशाळेत कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क काढून बिनविषारी रसायन बनवलं होतं. इथल्या वायूच्या स्टेशनात, बाजूच्या एका छोट्या नळात ते सहा महिने सोडलं होतं आणि पोलादाच्या दोन पट्ट्या आत ठेवल्या होत्या. त्या गंजल्या नसतील तर जुनं रसायन बंद होणार होतं.

याची वाट माझ्याहून जास्त शांताबाई पाहत होत्या. स्टेशनच्या कुंपणाला लागून त्यांचं मेथी-वांग्यांचं शेत. घाण पाण्याचा खड्डा झिरपला आणि त्यांची विहीर बिघडली. खड्डा मग बांधून घेतला, तरी झिरपणं थांबलं नाही; जुनं रसायन बंद झालं तरच पाणी सुधारणार होतं. मी आल्याचं कळताच त्या कुंपणापाशी आल्या.

"पाहा न ताई, इहीर (विहीर) कशी काठोकाठ आहे! पन ढोरंबी तोंड लावत नाईत. प्याचं पानी गावातून डोक्यावर आनतो. आज होते न तुमचं काम?"

"आज कळेल," मी म्हटलं.

स्टेशनवरचे मदतनीस गजाननभाऊ साठीच्या आसपासचे, निम्मं आयुष्य शेतीत गेलेले. पट्ट्या बसवल्या तेव्हा मी आजारी होते, म्हणून त्या पार्सलने पाठवल्या होत्या आणि त्यांनीच बसवल्या होत्या. आता त्यांनी झडप बंद केली, दाब उतरवला आणि पट्ट्या अलगद बाहेर काढल्या. अगं बाई! एक डाग नाही, एक खड्डा नाही. दोनदा वजन केलं, जराही घटलं नव्हतं. मी चक्क टाळी वाजवली.

शांताबाईंनी आम्हा दोघांना जेवायला नेलंच. कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची), हिरवा ठेचा, वांग्याचं भरीत. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशा त्या पहिल्यांदा हसल्या.

"चमकतीनच न मॅडम," गजाननभाऊ कौतुकाने म्हणाले. "म्या बसवाच्या आधी जवसाचं तेल चोळलं होतं. आमी नवा फाळ कोरडा नाई घालत मातीत."

माझा घास हातातच राहिला. "दोन्ही पट्ट्यांना?"

"हाव. एकीले लावाचं अन् दुसरीले नाई, असं कसं? काऊन, चुकलं का काही?"

जवसाचं तेल वाळलं की लोखंडावर घट्ट थर धरतं. पट्ट्या आमच्या अर्काने वाचल्या की त्या थराने, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. उघड्या हाताने शिवू नका, काही चोळू नका, असा कागद पार्सलमध्ये होता. मीच छापलेला, अख्खा इंग्रजीत. गजाननभाऊंनी तो नीट घडी घालून जपून ठेवला होता.

मी सगळं सांगितलं. चाचणी पुन्हा, म्हणजे आणखी सहा महिने जुनंच रसायन.

शांताबाईंनी भाकरीचं टोपलं झाकलं. मग म्हणाल्या, "तेलाचं आपल्या तिघाईलेच मालूम आहे न, ताई?"

खरं सांगते, मनात आलं होतं. पण मग अर्क मुख्य नळात जाणार आणि तो नळ त्यांच्या मेथीखालून जातो. अर्क कुचकामी निघाला आणि पोलाद आतून पातळ होत गेलं, तर एक दिवस तो तिथेच फुटेल. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी ताटं उचलली आणि आत गेल्या. गजाननभाऊ मान खाली घालून मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. शांताबाई बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला घेतला. 'दोन्ही पट्ट्या बाद.' 'चूक कोणाची' या रकान्यात माझं नाव घातलं आणि मराठीतला सूचनांचा कागद तिथेच लिहून काढला. भुसावळ येईपर्यंत मन हलकं वाटत होतं. आपण खरं वागलो, असं दोनदा स्वतःला सांगूनही झालं.

शेजारच्या बाईंनी त्यांच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. मी एक घोट घेतला आणि बाटली परत दिली. खरं मी लिहिलं होतं. पुढचे सहा महिने हंडा डोक्यावर घेऊन शांताबाई चालणार होत्या.